रजेवरचा बिस्तरा

बारामतीहून भिगवणकडे निघालं, की ऊस संपून एक उजाड माळ लागायचा. कुसळांशिवाय तिथे काही उगवत नव्हतं आणि सरड्यांशिवाय कोणी राहत नव्हतं. लढाईच्या दिवसांत नेमका तोच सरकारच्या मनात भरला. सरकारच्या मनात काय भरेल याला काही नेम नसतो. बेचाळीस साली तिथे चांदमारीचा, म्हणजे नेमबाजीच्या सरावाचा कॅम्प पडला, पत्र्याच्या तीन लांबलचक बराकी उभ्या राहिल्या आणि त्यांत सडे शिपाई राहायला आले. बायकापोरं असलेल्यांची सोय पुण्याच्या मोठ्या छावणीत. या माळावर फक्त सडे. कुणाचं लग्न व्हायचं होतं, कुणाची बायको वारलेली होती.

या बराकी सांभाळायला सावळाराम नावाचा एक माणूस होता. शिपाई त्याला तात्या म्हणत. पहिल्या बराकीच्या टोकाला दहा फुटांची एक खोली होती, तिथे तो राहायचा. कुणाला कुठली खाट द्यायची, कुणाची पेटी कुठे ठेवायची, कंदिलाच्या काचा कुणी पुसायच्या, मोऱ्या कुणी धुवायच्या, सगळं त्याच्या हातात. कोण कुठला, कुणाला गावाहून पत्र येतं आणि कुणाला येत नाही, हेही त्याला तोंडपाठ. पंधरा वर्षांत हजारभर जवान त्याच्या खाटांवर झोपून गेले असतील. जाताना सगळे म्हणत, तात्या, पत्र पाठवतो. एकानेही पाठवलं नाही. तात्याही असा खुळा, की टपालाची सायकल आली की हातातलं काम टाकून फाटकापर्यंत जायचाच.

रविवारी सकाळी सगळ्या खाटा माळावर उन्हात निघत. सांध्यासांध्यांत रॉकेल ओतायचं आणि ढेकूण बाहेर काढायचे, ही तात्याची दर आठवड्याची लढाई. एखादा नवा जवान शरमायचा, की माझ्याच खाटेत एवढे कसे. तात्या त्याला म्हणायचा, "शरमू नगंस लेका. ढेकूण निघाला म्हंजी खाटंवर जितं मानूस झोपतंय. रिकाम्या खाटंला त्यो बी इच्यारत न्हाय."

त्याचे दोन नियम मात्र लोखंडाचे. पहिला बिस्तऱ्याचा. कुणी रजेवर गेला, की त्याचा बिस्तरा गुंडाळून खाटेच्या डोक्याशी ठेवायचा आणि त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर नाव, गाव आणि परत येण्याची तारीख. गुंडाळलेला बिस्तरा म्हणजे माणूस आहे. त्या खाटेवर दुसऱ्याने बूडसुद्धा टेकायचं नाही. पण तारीख नसेल, तर बिस्तरा सरळ कोठीत. तारखेवाचून माणूस येत नसतो, असं तात्या म्हणायचा.

दुसरा नियम हळदीचा. रजेवरून परतलेल्या जवानाचे हात तो आधी बघायचा. तळव्याला हळद दिसली, की संपलं. "लगीन केलंस न्हवं? मग सड्यांच्यात तुजं काय काम? उचल पेटी." बिचारा गयावया करायचा, चार दिवस राहू द्या म्हणायचा, पण तात्या बधायचा नाही. लग्न झालेला माणूस एक रात्रदेखील सड्यांच्या बराकीत झोपता कामा नये, हे तर सरकारनेच लिहून ठेवलेलं. हळद निघायच्या आत नवरदेव बराकीबाहेर.

एवढ्या कडक माणसाची स्वतःची बायको पंधरा मैलांवर कळंबला जिवंत होती, ही गोष्ट माळावर कुणालाही ठाऊक नव्हती.

तिचं नाव बनाबाई. सतराव्या वर्षी सावळारामचं लग्न झालं, तेव्हा ती बारा वर्षांची होती. नांदायला आली, एक पोर झालं, ते सव्वा महिन्याचं होऊन गेलं. मग घरात भावजयीचं आणि तिचं पटेना, आणि ती माहेरी कळंबला भावाकडे, झुंबरकडे गेली ती तिथेच राहिली. सावळाराम फौजेत भरती झाला, तर सहाव्या महिन्यात कवायतीत गुडघा मोडला. फौज संपली. लंगडत्या माणसाला परत घरी जायची लाज वाटत होती. तेवढ्यात कळलं, बारामतीच्या माळावर बराकी सांभाळायला माणूस हवाय. तिथल्या गोऱ्या साहेबाची अट एकच: सड्यांची बराक सांभाळणारा सडाच हवा, रात्री त्याने तिथेच झोपलं पाहिजे. कारकुनाने कागद भरताना विचारलं, बायको? सावळारामच्या तोंडून निघून गेलं, "वारली."

कारकुनाने टाक बुडवला आणि लिहून टाकलं. बनाबाईला मरायला तेवढाच वेळ लागला.

ते त्याला दिवसभर टोचत राहिलं. मग त्याला आजीचं बोलणं आठवलं. एखादा मेल्याची खोटी बातमी उठली, की त्याचं आयुष्य वाढतं. आपल्याकडे सगळेच तसं मानतात. पाप केलेल्या माणसाला तर ते चटकन पटतं. बनाचं आयुष्य वाढेल, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. वर्षभरात नोकरी पक्की झाली की खरं सांगू आणि तिला घेऊन येऊ, असं ठरवलं. मग लढाई संपली, गोरा साहेब गेला, स्वराज्य आलं, तरी ते वर्षभर काही संपेना. खोटं बोलायला क्षण लागतो, ते मागे घ्यायला जन्म पुरत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी खाटा आत गेल्या की तो सायकल काढायचा आणि मोडक्या गुडघ्याने पायडल मारत मारत कळंब गाठायचा. कालव्याचं पाणी आलेला झुंबरच्या रानाचा एक तुकडा बनाबाई स्वतः करायची. मेथी, वांगी, गवार. तो बांधावर बसायचा, ती भाकरी वाढायची. "कवा न्हेणार?" असं तिने पहिली काही वर्षं विचारलं. तो म्हणायचा, "पुढल्या सालाला." मग तिने विचारणं सोडलं आणि त्याने सांगणं. ऊन कललं, की तो परत माळावर यायचा, सत्तर माणसांच्या बराकीत, आपल्या दहा फुटांच्या खोलीत. सत्तर माणसांत माणूस किती एकटा असू शकतो, हे त्याला विचारावं.

सत्तावन्न साली माळावर नाल्यापलीकडे सहा क्वार्टर्स बांधली; माळावर त्यांना कोटरं म्हणत. दोन खोल्या, पुढे ओटा, दाराशी नळ. लग्न झालेल्यांना आता पुण्याला पाठवायची गरज नव्हती. पाच कोटरं भरली, सहावं रिकामं राहिलं. कॅम्पात सुभेदार मोहनराव म्हणून एक दिलदार माणूस होता, साताऱ्याकडचा. तो एके दिवशी बराकीत येऊन म्हणाला, "तात्या, त्या सहाव्या कोटरात तुला घालतो. बराकीला दुसरा सडा गडी बघू. तेवढं लगीन मातुर कर. आपल्या खानसाम्याची इधवा भन हाय, छबूबाई. सैपाक झकास करती. बोल, इच्यारू का?"

जवान खदखदून हसले. सावळाराम हसला नाही. पंधरा वर्षं तोंडात धरलेले मूग त्याच दिवशी कसे गळून पडले कोण जाणे. तो म्हणाला, "मला बायको हाय, साहेब."

"हाय? कुठं?"

"कळंबला. जिती हाय."

जवान एकमेकांकडे बघू लागले. ज्या जवानांना त्याने हळदीचे हात बघून बाहेर काढलं होतं, त्यांच्या जागी आलेले ते जवान होते. त्यांना त्यातलं सगळं कळलं नाही. मोहनरावला कळलं. तो शिव्या देईल असं सावळारामला वाटलं होतं. मोहनराव नुसता खाटेवर बसला आणि म्हणाला, "कशी रं तुजी छाती झाली?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत कागद निघाला. कारकून रमाकांत इंदापूरचा, तरुण, नाकासमोर चालणारा. तो म्हणाला, "तात्या, कागदावर गेलेलं माणूस आमच्या म्हणण्याने परत येत नाही. पाटलाचा दाखला आणा. आणि बाईंना स्वतः कॅम्पाच्या मोठ्या साहेबांपुढे उभं करा, अंगठा द्यायला. साहेब चांगले आहेत. पण महिनाअखेरपर्यंत झालं पाहिजे, नाहीतर कोटर दुसऱ्याला जाईल."

म्हणजे आता बनाबाईलाच सांगणं आलं. त्या दिवशी सायकलवर पंधरा मैल त्याला पन्नास वाटले.

ती बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. पहिला रविवार नसताना तो आलेला बघून तिच्या कपाळाला आठी पडली. तो समोर उकिडवा बसला, आणि एका दमात सांगून मोकळा झाला, की कागदावर म्या तुला वारली म्हनून लिवलंया.

बनाबाईने हातातली जुडी पुरी बांधली. गाठ ओढली. मग म्हणाली, "कवाधरनं?"

"कॅम्प पडला तवाधरनं."

"पंदरा वर्सं." तिने दुसरी जुडी घेतली. "मग माजं दहावं कुनी घातलं?"

"कुनी न्हाय."

"म्हंजी मेल्यावर बी मला उपाशीच ठिवलं म्हना."

तिला हसू येत होतं की रडू, हे त्याला समजेना. त्याने कोटराचं सांगितलं. दोन खोल्या आहेत. लिंबाचं झाड आहे. आता लपवायचं काही उरलं नाही. झुंबर मोट सोडून तिथे येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "आक्का, काय नड हाय तुला? आपलं रान हाय, आपलं घर हाय. कशाला जातीस?"

बनाबाई नवऱ्याकडे वळली. त्याच्या केसांत पांढरं आलेलं होतं, ते ती बघत होती. मग तिने विचारलं, "पानी लांब हाय का?"

"दाराशी नळ हाय."

"तुळस?"

"लावतो की. आजच लावतो."

"बेस्तरवारच्या यष्टीनं येते," ती म्हणाली.

पुढचे चार दिवस माळावरच्या लोकांनी तात्याला कधी पाहिलं नव्हतं असं पाहिलं. त्याने कोटराला आतून चुना दिला. तुळस लावली आणि दिवसातून तीनदा पाणी घालून जवळजवळ बुडवली. कोठीतून दोन खाटा नेल्या, त्यांच्या सांध्यांत रॉकेल ओतलं. बिस्तरे स्वतः झटकले. जवान चेष्टा करत होते, "तात्या, हात दाखवा, हळद लागली का?" आणि तो खरंच लाजत होता. त्रेचाळीस वर्षांचा लंगडा माणूस, पण पोरासारखा लाजत होता.

गुरुवारी बनाबाई आली. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, आणि काखेत बोचकं. बोचकं बघून सावळारामचा जीव भांड्यात पडला. त्यात तिचे कपडे होते, भाकरीचा तवा होता. बघायला आलेली बाई तवा घेऊन येत नाही.

साहेबापुढे दोघं उभे राहिले. रमाकांत मधे उभा राहून साहेबाचं हिंदी मराठीत सांगत होता. साहेब भला होता; त्याने बनाबाईला बसायला खुर्ची दिली, ती बसली नाही. पाटलाचा दाखला त्याने वाचला. मग तो सावळारामकडे वळून म्हणाला, की नोकरीसाठी खोटं बोललास ते समजलं. पण पंधरा वर्षांत या बाईची तू कधी चौकशी केलीस का? की कोटरापुरती आठवण झाली?

सावळारामला ते लागलं. दुसरं काहीही ऐकून घेतलं असतं, पण हे नाही. मोडक्या गुडघ्याने तो दर महिन्याला तीस मैल सायकल मारत होता. तो छाती काढून म्हणाला, "साहेब, एक म्हैना चुकवला न्हाय. फाटकावरच्या वह्या काढा. पैल्या रईवारी कळंब, असं लिवलेलं घावंल. त्यात खोटं न्हाय."

साहेबाने मान हलवली. रमाकांतने कपाटातून वही आणली. त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. उलट तात्याचं म्हणणं खरं ठरतंय म्हणून त्याला आनंद झाला. त्याने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "पहिला रविवार. सावळाराम. कळंब, बहिणीकडे." पान उलटलं. "पहिला रविवार. कळंब, बहिणीकडे." आणखी एक पान उलटलं, आणि मग त्याचं त्यालाच काहीतरी उमगलं आणि तो थांबला.

बाहेर जाणाऱ्याने कुठे आणि कुणाकडे जातो हे फाटकावर लिहायचं असतं. बायको तर वारलेली. मग कळंबला कोण? सावळारामने पहिल्या खेपेला बहीण सांगितली होती, आणि पुढे पहारेकरी न विचारताच तेच लिहीत गेले. सावळाराम स्वतः ते विसरूनही गेला होता. आता वही मागायची अवदसा त्यालाच आठवली.

बनाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ती टेबलाजवळ गेली, शाईत अंगठा बुडवला, रमाकांतने दाखवलेल्या जागी उठवला.

"मालक हाईत माजं," ती साहेबाला म्हणाली. "मी जिती हाय. एवढं लिवा."

बाहेर आल्यावर सावळारामने तिला कोटर दाखवलं. ती ओट्यावर चढली, तुळशीकडे पाहिलं, उंबऱ्यातूनच आत बघितलं. दोन खाटा, दोन बिस्तरे. तो म्हणाला, "ये की आत."

ती ओट्यावर बसली. बोचकं मांडीवरच होतं. "म्येलेली म्हनालात," ती म्हणाली, "ते म्या गिळलं. पोटासाटनं मानूस बोलतंय. म्या तवा बी बांधून आनला. पर भन? ज्या बाईच्या पोटी तुमचं लेकरू आलं, तिला भन म्हनलात? आन् तिच्या हातची भाकरी खायाला येत व्हतात?"

बोचकं मांडीवरून खाली उतरणार नाही, हे त्याने ओळखलं. 

"सांजंच्या यष्टीला उशीर हाय," तो कसाबसा म्हणाला. "तवर भाकरी तर खा."

"म्येलेल्या बाईला पंदरा वर्सं रानानं पोसलं," ती म्हणाली. "आता जिती झाले म्हनून रान सोडू व्हय?" ती उठली. तुळशीच्या बुडाशी पाणी साचलं होतं, ते तिने बोटाने वाट काढून वाहू दिलं. "इतकं पानी घालू नगा. कुजंल."

यष्टी येईपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला उभे होते.  यष्टी आली, ती चढली, बोचकं मांडीवर घेऊन खिडकीशी बसली. धूळ खाली बसेपर्यंत तो तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा आपल्या खोलीत कंदिलाच्या काचा तपासत होता, तेव्हा मोहनराव आला. दारातच घुटमळला. कडक बोलायची त्याला सवय होती, हे मऊ बोलणं त्याला जड जात होतं. "तात्या," तो म्हणाला, "कागुद बदलला. आता तू सडा न्हाईस. बाई आली नसंल तरी न्हाईस. हितं झोपता यायचं न्हाय तुला. नियम तुलाच ठावा हाय."

"ठावा हाय," सावळाराम म्हणाला, आणि त्याने खाटेखालून पेटी ओढली.

त्या खोलीत गेणू नावाचा नवा सडा माणूस आला. सावळारामने त्याला किल्ल्या दिल्या, बिस्तऱ्याचा नियम सांगितला, हळदीचा सांगितला. दिवसा तो बराकींवर जायचा, गेणूला काम शिकवायचा. पण दिवस मावळला, की त्याला नाला ओलांडून कोटरात यावं लागे. बराकीतला गलका, कुणाचं गाणं, पत्त्यांवरची भांडणं तिथे अर्धवट ऐकू यायची. पंधरा वर्षं त्या गलक्यावर तो खेकसत आला होता. आता वारा पलटला आणि आवाज बंद झाला, की तो ओट्यावर येऊन उभा राहायचा.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी फाटकावर पहारेकऱ्याने वही उघडली. सावळाराम म्हणाला, "बायकूकडं लिव." त्याने लिहिलं की नाही ते वाकून बघितलं, मगच सायकलवर टांग टाकली. कळंबला पोचल्यावर बनाबाईला ते सांगितलं. तिने भाकरी वाढली. "बरं केलं," म्हणाली, आणि गवार तोडायला निघून गेली. तो दर महिन्याला जात राहिला. ती दर महिन्याला भाकरी वाढत राहिली. ये म्हणायची हिंमत त्याला झाली नाही, आणि येते असं ती म्हणाली नाही.

दिवाळीच्या आधी कोटरांची पाहणी निघाली. मोहनराव सहाव्या कोटरात आला. चुना पांढराशुभ्र, भांडी उलटी घातलेली, तुळस टवटवीत. आतल्या खोलीत दोन खाटा. एकीवर बिस्तरा पसरलेला. दुसरीच्या डोक्याशी बिस्तरा गुंडाळून ठेवला होता, आणि त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी. मोहनरावने वाकून वाचली. नाव, बनाबाई. गाव, कळंब. तारखेची जागा कोरी.

"तात्या," तो म्हणाला, "तारीक न्हाय."

"न्हाय, साहेब."

"तारीक नसंल तर बिस्तरा कोठीत, ह्यो नियम कुनी केला?"

"म्या केला."

 वाचताना चिठ्ठी उलटी झाली होती, ती मोहनरावने सुलटी केली आणि बाहेर जाऊन पाहणीच्या कागदावर सगळं ठीक म्हणून सही केली.

रविवारी सावळारामने दोन्ही खाटा अंगणात उन्हात काढल्या. आधी आपल्या खाटेच्या सांध्यांत रॉकेल ओतलं, तर पाच-सात ढेकूण निघाले. मग दुसरी खाट आडवी घातली, चारही सांध्यांत रॉकेल सोडलं आणि बाजूला उकिडवा बसून बघत राहिला. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसला. त्या खाटेतून एकही ढेकूण बाहेर आला नाही.